कोंडा, रात्रीची खाज आणि केटोकोनाझोल शाम्पू: नक्की कसा वापरायचा?

कातळकडा:
मंडळी, जरा सविस्तर लिहितोय कारण अर्धवट माहितीवर मी आधीच बरीच वर्षं घालवलीत. वय ३४, पुण्यात राहतो, बाईकवर रोज जाऊन येऊन दीड तास हेल्मेट. कोंडा कॉलेजपासूनच आहे पण गेल्या दोन हिवाळ्यांत खाज इतकी वाढलीये की झोपेत खाजवतो, सकाळी नखात पिवळट चिकट खपली असते आणि उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे बारीक ठिपके. काळा शर्ट घालणं कधीच सोडलंय. परवा मीटिंगमध्ये शेजारच्या मुलीनं माझ्या खांद्याकडे एकदा बघितलं आणि काही न बोलता खुर्ची थोडी सरकवली, ते अजून मनातून जात नाहीये.

लिंबू, दही, कांद्याचा रस, कडुलिंबाचा पाला उकळून, जाहिरातीतले तीनचार शाम्पू, सगळं करून झालं. आई दर शनिवारी रात्री कोमट खोबरेल चोपडते, म्हणते डोकं कोरडं पडलंय रे तुझं. त्या रात्री खरंच बरं वाटतं पण मंगळवारपर्यंत खाज दुप्पट. मग मेडिकलमधून केटोकोनाझोल २ टक्के शाम्पू आणला, पंधरा दिवस रोज लावला, लावला की लगेच धुतला, काडीचा फरक नाही म्हणून बाटली तशीच पडून आहे.

हे बुरशीमुळे होतं म्हणतात, मग मी अस्वच्छ आहे का? घरात दुसऱ्याला लागेल का, मुलगी दोन वर्षांची आहे. आणि हे कायमचं जातं की नाही?

जास्वंदी:
अरे बाळा, एवढी औषधं कशाला, शिकेकाई, रिठा, आवळा रात्री भिजत घाल आणि सकाळी उकळून त्यानंच न्हा. आमच्या सासूबाईंनी जन्मात शाम्पू लावला नाही, सत्तरीला केस कमरेपर्यंत होते. तेल मात्र सोडू नकोस, तेलाशिवाय डोकं तडकतं.

गावठाण:
+१ तेलासाठी. पण खपल्या पिवळट चिकट आहेत म्हणतोस ते मला कोरडेपणाचं वाटत नाही. कोरड्या कातडीचा कोंडा बारीक पिठासारखा पडतो, हातापायालाही भेगा असतात. एकदा स्किनवाल्यांना दाखव.

त्वचेची_डॉक्टर:
मी नाशिकला त्वचारोगाची प्रॅक्टिस करते, रोज ओपीडीत हाच प्रश्न असतो म्हणून मुद्दाम वेळ काढून लिहितेय.

आधी तुमच्या मनावरचं ओझं काढते. तुम्ही अस्वच्छ नाही. ही जी बुरशी आहे, मॅलेसेझिया, ती खरं म्हणजे यीस्ट आहे आणि ती तुमच्या, माझ्या, जास्वंदीताईंच्या, सगळ्यांच्याच डोक्यावर राहते. त्यामुळे मुलीला "लागेल" असा प्रश्नच नाही, तिला जवळ घ्या, एकाच उशीवर झोपा. (फणी मात्र ज्याची त्याची वेगळी बरी, पण ते उवांसाठी.)

आता गंमत अशी की या यीस्टला स्वतःची स्निग्धाम्लं बनवता येत नाहीत, तिला ती बाहेरून लागतात, म्हणून ती जिथे तेलग्रंथी जास्त तिथेच राहते. डोकं, भुवया, नाकाच्या बाजूच्या खाचा, कानामागे, पुरुषांत दाढीमिशी आणि छातीचा मधला भाग. आपल्या त्वचेचं तेल ती फोडते, तिला हवं ते खाते आणि ओलिक आम्ल वगैरे मागे ठेवते. काहींच्या त्वचेला ते अजिबात चालत नाही. त्वचा चिडते, घाईघाईने नव्या पेशी बनवायला लागते आणि एरवी एकेक करून न दिसता गळून जाणाऱ्या पेशी गठ्ठ्यानं सुटतात, तोच कोंडा. सोबत लाली, चिकट पिवळट खपल्या आणि खाज असेल तर आम्ही त्याला सेबोरिक डर्मटायटिस म्हणतो. आजार एकच, पायरी वरची. म्हणूनच हा त्रास वयात येताना सुरू होतो, तेलग्रंथी तेव्हा कामाला लागतात. तान्ह्या बाळांच्या टाळूवर जी पिवळी पापडी धरते तीही याच कुळातली, ती बहुतेक आपोआप जाते.

शनिवारच्या तेलाचं कोडंही इथेच सुटतं. तेलानं खपली मऊ होते, चिकटून बसते, दिसत नाही, म्हणून रात्री बरं वाटतं. पण ते तेल डोक्यावर राहिलं की यीस्टला जेवणाचं ताट वाढल्यासारखं होतं.

शाम्पूचं म्हणाल तर औषध बरोबर होतं, वापरायची पद्धत चुकली. केटोकोनाझोल यीस्टच्या पेशीचं आवरण बनू देत नाही, पण त्याला त्वचेवर थांबायला वेळ हवा. लावलं आणि लगेच धुतलं तर ते नाल्यात गेलं. असं करा: आधी साध्या शाम्पूनं तेल-धूळ काढून टाका. मग औषधाचा शाम्पू केसांना नाही, केसांच्या मुळाशी कातडीला बोटांच्या पेरांनी लावा, नखांनी नाही. ३ ते ५ मिनिटं तसाच ठेवा, मग धुवा. आठवड्यातून दोनदा, २ ते ४ आठवडे. रोज नको, रोज लावून केस राठ होतात आणि फायदा वाढत नाही. आणि हे संपलं की थांबायचं नाही. आठवड्यातून किंवा पंधरा दिवसांतून एकदा चालू ठेवायचं. निम्मे लोक इथेच घसरतात. बरं वाटलं, बाटली संपली, दोन महिन्यांनी पुन्हा माझ्याकडे.

कायमचं जाईल का, तर नाही. यीस्ट तुमच्या डोक्यावर राहणारच आहे. पण ताब्यात राहतं, आणि ताब्यात असलेला कोंडा म्हणजे रात्रीची झोप आणि काळा शर्ट, दोन्ही परत मिळतात.

कातळकडा:
डॉक्टर, मनापासून धन्यवाद. मुलीबद्दलचं वाचून बायकोला लगेच वाचून दाखवलं. आणि भुवया, नाकाच्या बाजू... तिथे माझ्या खरंच पांढरे पापुद्रे निघतात, मी ते थंडीनं समजत होतो आणि क्रीम लावत होतो.

त्वचेची_डॉक्टर:
तेच ते. फेस डोक्यावर असतानाच थोडा भुवयांना, मिशीला लावून ठेवत जा, डोळ्यांत जाऊ देऊ नका. चेहऱ्यावर जास्त असेल तर केटोकोनाझोलचं क्रीम मिळतं पण ते बघून देऊ, आपल्या मनानं नको.

जास्वंदी:
डॉक्टर, मग शिकेकाई वाईट का? आम्ही सगळं आयुष्य चुकीचं केलं का?

त्वचेची_डॉक्टर:
अजिबात नाही ताई. शिकेकाई-रिठ्याला फेस येतो कारण त्यात साबणासारखे घटक असतात, ज्याला आजार नाही त्याचं डोकं त्यानं छान स्वच्छ होतं. तुमच्या सासूबाईंची त्वचा त्या यीस्टवर चिडणारी नव्हती एवढंच. पण ज्याला खपल्या आणि खाज आहे त्याला यीस्ट कमी करणारं काहीतरी लागतं, आणि शिकेकाईची भरड चिडलेल्या कातडीवर घासली तर ओरखडे पडतात. तेल लावायचंच असेल तर न्हायच्या आधी अर्धा तास लावा आणि पूर्ण धुऊन काढा, रात्रभर नको. लिंबू मात्र कोणीच लावू नका, खाजवून फुटलेल्या जागेवर लिंबू म्हणजे नुसती आग.

पिंपळपान:
माझा अनुभव लिहितो, कुणाचं तरी भलं होईल. खाजेसाठी मला कुणीतरी एक लोशन सुचवलं, मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळालं, दोन दिवसांत खाज गायब, मला वाटलं अमृत मिळालं. वर्षभर लावत राहिलो. थांबवलं की चार दिवसांत आधीपेक्षा जास्त, म्हणून पुन्हा लावायचो. मग कपाळावर केसांच्या कडेला पुळ्या, कातडी लाल आणि इतकी पातळ की आतल्या बारीक शिरा दिसायला लागल्या. स्किनवाल्या बाईंनी बाटली हातात घेतली आणि नाव वाचूनच म्हणाल्या, यात क्लोबेटासोल आहे, स्टेरॉइड आहे. सोडवायला चार महिने गेले आणि त्यातला पहिला महिना फार वाईट होता, खाज परत उसळून आली, मी रात्री गच्चीवर फेऱ्या मारायचो. कृपा करून बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा.

त्वचेची_डॉक्टर:
हे लिहिलंत ते फार बरं केलंत. स्टेरॉइड लोशन आम्हीही देतो, सूज आणि खाज खूप असेल तर थोडे दिवस, मोजून, आणि सोबत बुरशीचं औषध असतंच. ते सूज दाबतं, यीस्टला हात लावत नाही. त्याच्या एकट्याच्या जोरावर वर्ष काढलं की हे असं होतं. स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेली क्रीमंही घरोघरी "खाजेची ट्यूब" म्हणून असतात, ती डोक्याला-चेहऱ्याला लावू नका.

अजून एक, गोळ्यांचं. केटोकोनाझोल शाम्पू डोक्यावरून रक्तात जवळजवळ जातच नाही, पण त्याच नावाच्या गोळ्या ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे, त्यांनी यकृताला गंभीर इजा होऊ शकते. २०१३ मध्ये युरोप आणि अमेरिकेत त्या गोळ्यांवर याच कारणानं बंधनं आली. कोंड्यासाठी त्या कुणी सुचवल्या तर घेऊ नका.

म्युनिककर:
इकडे जर्मनीत असताना मला एक वेगळाच धक्का बसला. भारतातून येताना जो कोंड्याचा शाम्पू वापरायचो त्यात झिंक पायरिथिऑन होतं, चांगला लागू पडला होता. तीच कंपनी, तसाच डबा इकडच्या दुकानात घेतला तर मागच्या यादीत झिंकचं नावच नाही, त्याजागी पिरोक्टोन ओलामाइन. शोधल्यावर कळलं की १ मार्च २०२२ पासून युरोपियन युनियनमध्ये सौंदर्यप्रसाधनांत झिंक पायरिथिऑनला बंदी आहे. हे वाचून मी घाबरलो की इतकी वर्षं डोक्याला विष चोळत होतो का. घरी आईबाबा अजून तेच वापरतात.

त्वचेची_डॉक्टर:
घाबरू नका. प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून त्याचं वर्गीकरण प्रजननाला घातक असं झालं आणि तिथल्या नियमाप्रमाणे अशा पदार्थाला चांगला पर्याय असेल तर तो आपोआप बंद होतो. त्यांच्याच शास्त्रीय समितीनं १ टक्क्यापर्यंत, धुऊन टाकायच्या शाम्पूत तो सुरक्षित म्हटला होता. भारतात चालू आहे, आईबाबांना वापरू द्या. पिरोक्टोन ओलामाइनही बुरशीवरच काम करतं, फक्त तेही दोनतीन मिनिटं थांबू द्यायला हवं.

म्युनिककर:
हुश्श. आईला फोन करून सांगतो, तिला मी कालच बाटली फेकायला लावत होतो. हिवाळ्यात घरात चोवीस तास हीटिंग असतं, डोकं अगदी तडतडतं, मग इथल्या औषधाच्या दुकानातून केटोकोनाझोल आणतो आणि मार्चपर्यंत दर रविवारी एकदा. दोन हिवाळे निभावलेत यावर.

रातराणी:
बायकांच्या लांब केसांचं कुणी बोलतच नाहीये म्हणून मी लिहिते. माझे केस कमरेखाली, मी तो शाम्पू वरून ओतायचे आणि सगळा फेस केसांतच जायचा, डोकं कोरडंच्या कोरडं. बाटली महिन्यात दोन संपायच्या आणि केस केरसुणी झाले. मग पार्लरवालीकडे रंग लावायची टोकदार तोंडाची प्लास्टिकची बाटली असते ना, ती आणली. त्यात शाम्पू आणि थोडं पाणी. केस ओले करून कपाळापासून मानेपर्यंत भांग पाडायचा, त्या भांगात रेघ ओढायची, बोटानं दाबायची, मग अर्ध्या इंचावर पुढचा भांग. बारा-तेरा भांगांत डोकं पूर्ण होतं. मी पहिली रेघ ओढताना घड्याळ बघत नाही, शेवटची ओढून झाली की मोजायला लागते. तोवर केसांचा शेपटा वर बांधून ठेवायचा, म्हणजे टोकांना औषध लागत नाही. धुतल्यावर कंडिशनर फक्त कानाखालच्या केसांना. बाटली आता दोन महिने पुरते.

आणि हो, सेलेनियम सल्फाइडचा शाम्पू असेल तर चांदीच्या अंगठ्या, कानातलं काढून ठेवा, माझं चांदीचं कडं काळं पडलं. केस रंगवलेले असतील तर रंगही बदलू शकतो.

कातळकडा:
रातराणी, हे भारी आहे, बायकोचेही केस लांब आहेत, तिलाही थोडा कोंडा आहे.

सोनचाफा:
माझ्या ७ वर्षांच्या मुलाच्या डोक्यात कोंडा झाला म्हणून मी आमचाच शाम्पू त्याला लावत होते, महिनाभर. मग मागच्या बाजूला रुपयाएवढी जागा दिसली, केस मुळाशी तुटलेले, नुसते काळे ठिपके, वर पांढरे खवले. चाई पडली म्हणून शेजारच्या काकूंनी कांदा चोळायला सांगितला. दाखवल्यावर डॉक्टर म्हणाले, हा कोंडाही नाही आणि चाईही नाही, डोक्यातला गजकर्ण आहे, ही बुरशी केसाच्या आत शिरलेली असते, नुसत्या शाम्पूनं मरत नाही, पोटातून औषध लागतं. ग्रिसिओफल्विन दिलं सहा आठवडे, आणि सांगितलं की तूपभाताबरोबर किंवा दुधाबरोबर द्या, स्निग्ध खाल्लं की औषध अंगात नीट शोषलं जातं. केटोकोनाझोल शाम्पूही दिला पण तो दुसऱ्या मुलांना पसरू नये म्हणून. हा मात्र लागतो! टोपी, टॉवेल, कंगवा सगळं वेगळं केलं, धाकटीलाही तपासून घेतलं. केस सगळे परत आलेत. पण माझा एक महिना वाया गेला ही रुखरुख अजून आहे.

त्वचेची_डॉक्टर:
सोनचाफा, रुखरुख लावून घेऊ नका, वेळेत पोचलात. वाचणाऱ्यांनी एवढं धरून ठेवा की वयात येण्याआधीच्या मुलाच्या डोक्यात खवले आणि त्यासोबत केस गेलेली जागा दिसली तर घरी प्रयोग नको. फार उशीर झाला तर तिथे पू धरून सूज येते आणि केस कायमचे जाऊ शकतात. मोठ्यांच्या कोंड्यानं मात्र कायमचं टक्कल पडत नाही, खाजवून खाजवून केस तुटतात आणि गळतात, खाज थांबली की येतात.

गावठाण:
माझ्या वडिलांना कोंडा कोंडा म्हणत तीन वर्षं आम्ही शाम्पू देत होतो, निघाला सोरायसिस. जाड, चांदीसारखे चकचकीत खवले, केसांची हद्द ओलांडून कपाळावर यायचे, आणि कोपरांवरही चट्टे होते जे आम्ही कधी जोडूनच बघितले नाहीत.

अबोली:
माझ्या मावशीचं वेगळंच. दोन महिने बुरशीचा शाम्पू लावतेय आणि खाज वाढतेच आहे. मग लक्षात आलं की दर महिन्याला केस काळे केले की दुसऱ्या दिवशी जास्त होतं, कानाच्या पाळ्या लाल, एकदा पापण्याही सुजल्या. डायची ॲलर्जी. त्यातलं पीपीडी नावाचं रसायन. "काळी मेहंदी" म्हणून जी मिळते तिच्यातही तेच असतं बऱ्याचदा, मावशी मेहंदी म्हणजे नैसर्गिक समजून निर्धास्त होती. आता ती पांढरेच केस ठेवते, आणि खरं सांगते, फार सुंदर दिसते.

कातळकडा:
सहा आठवडे झाले, सांगायला आलोय.

बुधवार आणि रविवार ठरवले. जानेवारीतली थंडी, बाथरूममध्ये ओल्या अंगानं पाच मिनिटं उभं राहणं म्हणजे परीक्षाच, मग आधी डोकं धुऊन शाम्पू लावायचा, टॉवेल गुंडाळून दाढी करायची आणि मग आंघोळ असं बसवलं. मोबाइलवर टायमर. पहिल्या आठवड्यात काहीच नाही, उलट खपल्या सुटून जास्त पडायला लागल्या, मी पुन्हा सोडणार होतो. कानामागे थर फारच जाड होता. डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवलं, त्यांनी तेवढ्या जागेसाठी सॅलिसिलिक ॲसिडचं लोशन दिलं, खपली विरघळायला, म्हणजे शाम्पू कातडीपर्यंत पोचेल. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी उठलो आणि जाणवलं की रात्रभर उठलो नाहीये. अभ्रा बघितला, स्वच्छ.

हेल्मेटचं आतलं अस्तर निघतं हे मला पाच वर्षांत माहीतच नव्हतं! काढून धुतलं, पाणी काळं निघालं. आता दर पंधरवड्याला धुतो.

जास्वंदी:
देव करो आणि असंच राहो. आई काय म्हणते?

कातळकडा:
आईला समजावणं सगळ्यात अवघड गेलं, काकू. तिला वाटलं मी तिच्या हातचं तेल नको म्हणतोय. मग डॉक्टरांचं इथलं उत्तर तिला मोठ्यानं वाचून दाखवलं, ते ताटाचं उदाहरण तिला लगेच पटलं. आता रविवारी न्हायच्या आधी अर्धा तास लावते, चमचाभरच, आणि टायमर तीच लावते.

त्वचेची_डॉक्टर:
छान. आता बुधवारचा वॉश बंद करून फक्त रविवार ठेवा, दोन महिने टिकलं तर पंधरा दिवसांतून एकदा. पावसाळ्यात हेल्मेटखाली घाम वाढला की पुन्हा थोडं डोकं वर काढेल, तेव्हा न घाबरता दोन आठवडे दोनदा करा. या औषधाचा उपयोग कमी झाल्यासारखा वाटला तर सेलेनियम सल्फाइड किंवा सायक्लोपिरॉक्सचा शाम्पू देता येतो, या मग दाखवायला. भुवयांवर अजून आहे का?

कातळकडा:
डाव्या भुवईच्या टोकाला थोडं आहे, बाकी गेलं. आणि काल ऑफिसला काळा शर्ट घालून गेलो होतो.